तळाशी पेपर

दड्डीहून टेम्पोत घालून आणली लुमाण्णानं होडी,
उलटी, अर्धी बाहेर, टोकाला लाल फडकं बांधून,
आणि उद्यमबागेत फाउंड्रीवाल्यांनी
चहाचे कप तसेच धरून वाट दिली.
इथं पाणी म्हणजे टँकरचं.
"समुद्राला चाललास काय रे?" एकानं विचारलं.
"हिडकलच्या डॅमला," लुमाण्णा म्हणाला,
"समुद्र वेंगुर्ल्यातच ठेवून आलीय ही."

मी दोन रुपयाचं नाणं घेतलं
आणि वाजवत गेलो तिला, वीत-वीत.
टण्. टण्. टण् आलं तिथं ती शाबूत.
मागं, इंजिन बसतं त्या फळीपाशी,
ढब्.

मग तीन दिवस ग्राइंडर.
पांढरी धूळ पापण्यांवर, कॉलरीत, मनगटाच्या दोऱ्यात.
फायबरची खाज ज्याची त्यालाच ठाऊक.
बायकोनं माझं अंथरूण बाहेर कट्ट्यावर टाकलं,
शेजारी खोबरेलाची वाटी, न बोलता.

निळ्याखाली हिरवा, हिरव्याखाली विटकरी.
एका थरात कन्नड अक्षरं, गोल, अर्धी घासलेली,
त्याखाली मराठी, तीही अर्धीच.
पोरगा म्हणाला, "मामा, ह्यातलं नाव कुठलं धरायचं?"
म्हटलं, पॉलिश पेपर धर, ऐंशी नंबरचा.
पाट्यांवरनं इथं डोकी फुटलीत.
आपण भोकाचं बघू.

आणि मग तो पॅच.
फळीखाली, तळहाताएवढा,
मॅट नीट न भिजलेली, कडेला बुडबुडे,
आणि मधोमध, रेझिनमध्ये कायमचा,
एक अंगठा.
उजवा. त्यावर आडवी चीर,
आठवीत असताना कडबा कापायच्या यंत्रानं दिलेली.
मी ग्राइंडर बंद केला.

एकोणीस वर्षांचा होतो, शिवाप्पा मिस्त्रीच्या हाताखाली.
संध्याकाळी आनंदवाडीत कुस्त्या होत्या.
लवकर सुकावं म्हणून हार्डनर जास्त ओतला,
रेझिन धुरावलं, पिवळं पडलं,
वरून रंग मारला आणि सायकल काढली.
कोण चीत झालं, आता आठवतही नाही.
वीस वर्षं तेवढ्यातनंच पाणी आत झिरपलं.
त्याला घाई नव्हती.

लुमाण्णाला सांगितलं नाही.
सांगायला दोनदा तोंड उघडलं,
दोनदा मास्क वर ओढला.
कुजलेलं लाकूड छिन्नीनं काढलं,
ओलं, काळं, निपाणीच्या तंबाखूसारखं, दोन बादल्या.
नवी फळी. मॅटचे चार थर.
हार्डनर ह्या वेळी डोळ्यातल्या औषधासारखा,
थेंब मोजून.
रोलर फिरवत राहिलो; बुडबुडा दिसला की परत,
परत. पोरगा जाऊन मिरची भजी खाऊन आला,
मी तिथंच.

बिलात मॅटचे पैसे लिहिले नाहीत, मजुरी अर्धी.
लुमाण्णानं कागद लांब धरून वाचला.
"बरं झालं की," म्हणाला, "मिस्त्री लै घ्यायचा."
त्याची नजर माझ्या अंगठ्यावर होती
की मलाच तसं वाटलं, देव जाणे.

दड्डीच्या काठावर पाणी उतरलेलं,
बुडालेल्या शिवाराचे बांध उघडे.
नव्या फळीखाली जुना पेपर अंथरला,
ही आमची रीत: गळती असली तर आधी शाई फुटते.
इंजिन अजून बसवलं नव्हतं.
लुमाण्णा वल्ही मारत मधे गेला, लहान झाला,
मी चपला हातात धरून उभा.

तासानं आला. जाळ्यात दोनच चिलाप्या.
मी आधी वाकलो, पेपर उचलला.
कोपरा ओला.

"काय शोधूलालास?" लुमाण्णा म्हणाला,
"माझे पाय ते. चढताना भिजले."
आणि खरंच, टाच होती, पाच बोटं होती,
गुळाच्या बाजारभावावर उमटलेली.

मी पेपर उजेडाकडं धरून बघितला,
पुन्हा होता तिथं अंथरला.
म्हटलं, अजून एक फेरी मार.